पायांत की डोक्यात

पृथ्वी फिरते हे मथूला शाळेत नुकतंच कळलं होतं आणि तेव्हापासून एकदा तरी तिला फिरताना पकडायचंच, असं तिने मनाशी धरलं होतं. झोपाळ्यावर बसलं की झोका कळतो, आगगाडीत बसलं की झाडं पळताना दिसतात, मग एवढी थोरली पृथ्वी आपल्याला पाठीवर घेऊन गरगरते आणि आपल्याला पत्ता नाही, हा काय न्याय? म्हणून चैत्र संपत आलेल्या त्या दुपारी, तिसऱ्या मजल्यावरच्या खांबाला टेकून ती भूगोल घोकत बसलेली असताना तो खांबच तिच्या पाठीसकट हलकेच खाडीच्या बाजूला गेला, थांबला आणि परत आला, तेव्हा ती घाबरली नाही. तिला हर्ष झाला. सापडली, असं तिच्या मनात आलं. मग खांब पुन्हा गेला. या खेपेला परत यायला त्याने जरा जास्तच वेळ लावला, आणि त्या मधल्या वेळात मथूचं पोट तिला सोडून खिडकीबाहेर जाऊन आलं. शेजारच्या तांब्यातलं पाणी एका अंगाला चढत होतं, दुसऱ्या अंगाला उतरत होतं, कोणी तांब्या मांडीवर घेऊन जोजवावा तसं. म्हातारं माणूस कूस बदलताना कण्हतं तशी वर एक तुळई कण्हली आणि गप्प झाली. पलीकडे भिंतीशी चटईवर अण्णा बसले होते, तिच्या वडिलांचे थोरले भाऊ. दुपारच्या पाठाआधी ते रोज इथे वाऱ्याला येऊन पोथी पुढ्यात घेऊन पुटपुटत असत. आज ते पुटपुटत नव्हते. त्यांचा उजवा तळहात भिंतीवर सपाट टेकला होता आणि डोळे मिटलेले होते. मथू म्हणाली, "अण्णा, फिरतंय." अण्णांनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं, पण ती दिसली असेल असं वाटेना. मग हात भिंतीवरून काढून मांडीवर ठेवला आणि सावकाश म्हणाले, "खाली जा."

आता खाली जायचं म्हणजे दोन जिने, आणि तिच्या वडिलांच्या, भाऊंच्या घराचे जिने म्हणजे काही गंमत नव्हती. अख्ख्या कल्याणात तिमजली घर बांधायची अवदसा भाऊंनाच आठवली, असं लोक म्हणत, आणि लोक असं म्हणतात हे भाऊ पाहुण्यांना मोठ्या खुशीत सांगत. रेल्वेच्या पुलांच्या कामावर त्यांची उमर गेलेली. घाटातले पूल उभे राहिले ते मी डोळ्यांनी पाहिलेत, मला कोण सांगतो घर कसं बांधायचं ते, असं म्हणून त्यांनी मुरबाडच्या रानातला साग आणवला, खांब स्वतः ठोकून ठोकून निवडले, आणि शेजाऱ्यांच्या कौलांच्या वर आपलं एक अख्खं मजलाभर आभाळ काढलं. तिथून दुर्गाडीचा बुरूज दिसे, खाडीतली शिडं दिसत, आणि दिवा गावाकडच्या मिठागरांवर दुपारी जे पांढरं लखलखे त्याने डोळे दिपत. आल्यागेल्याला भाऊ वर नेत, मधोमध उभं करत आणि म्हणत, नाचा, हत्ती आणून नाचवा, भांडं वाजणार नाही. रंगूआत्याने एकदा आतून ऐकवलं होतं की हत्तीला जिना चढवेल कोण. पण ते भाऊंच्या कानांवर जाईल असं नव्हे. मथूला त्या मजल्याचा अभिमान होता तो असा की, शाळेत कोणी काही बोललं की ती म्हणे, तुमच्या घरातून मलंगगड दिसतो का? आणि आता त्याच मजल्यावरून ती एका हाताने दोर धरून उतरत होती आणि पायरी पायाखाली येईपर्यंत ती तिथे असेल की नाही याची तिला खात्री नव्हती. पण तरी तोंडभर हसू होतं. एवढी मोठी गोष्ट आपल्याला एकटीला सापडली, ती सांगायची कधी. ओसरीवर पोचली तेव्हा आत्या शेवयांचा पाट घेऊन बसली होती, शेजारची गंगुबाई तिच्यासमोर पाय पसरून होती, आणि दोघींच्या मधल्या कोवळ्या शेवया दोऱ्यांवरून सरळ खाली लोंबत होत्या, एकही हलत नव्हती. मथू म्हणाली, आत्या, पृथ्वी फिरली, मी पाहिली. आणि शेवयांच्या पाटाशेजारीच ती भडभडून ओकली.

पुढचं सगळं इतक्या भराभर झालं की नंतर ते आठवताना तिला त्यातलं आधी काय आणि मागून काय हे लागेना. कोणीतरी तिला आडवी केली. रंगूआत्याने तिच्या पापण्या बोटांनी वर ओढल्या आणि आत वाकून पाहिलं, हंड्यात पाणी किती उरलं ते पाहावं तसं. गंगुबाईने वहाण नाकाशी धरली. मग कांदा पाहिजे असं झालं, आणि ब्राह्मणाच्या घरात कांदा कुठला, तेव्हा मागल्या दारी जेवायला बसलेल्या काळुराम गड्याच्या भाकरीवरचा अर्धा कांदा फडक्यातून आला आणि तो तिच्या नाकात जवळजवळ कोंबला गेला. तिने नाक मुरडलं तर गंगुबाई म्हणाली, बघा, लागू पडला. मथू सांगत होती, अहो मला काही झालं नाही, घर हललं. घर हललं म्हटल्यावर आत्याने सावकाश ओसरीभर नजर फिरवली. दोऱ्यांवरच्या शेवया, फळीवरची भांडी, अंगणात शेपटीने माश्या वारणारी गाय. सगळं जिथल्या तिथे. "तुमच्या शाळेतली पृथ्वी फिरते ना गो," आत्या म्हणाली, "म्हणून तुझं डोकं फिरलं." आणि मग आवाज उतरवून, गंगुबाईलाच पण मथूला ऐकू जाईल असं, म्हणाली, "मामावर गेली हो पोर."

मामावर गेली. हे दोन शब्द पोटात पडले तसं मथूच्या तोंडावरचं हसू गेलं. कारण मामा तिने पाहिला होता. ठाण्याला, नौपाड्यात, आईच्या माहेरी कुणाची तरी मुंज होती, तेव्हा आई जिवंत होती आणि मथू एवढीशी होती. पंगत बसली होती. मामा तिच्या समोरच्या ओळीत होता, जिलबीवरून कुणाची तरी थट्टा करत होता, आणि बोलता बोलता त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. पुढे तो पानावर पडला ते तिला नीट आठवत नाही. आठवतं ते आमटीचं. आमटी पानावरून निघून पाटाखालून सरळ तिच्या पानाकडे आली आणि ती पाय वर घेऊन तिच्याकडे बघत बसली. सगळी पंगत उठली. वहाण आणा, वहाण आणा. नंतर मामा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेला, ओठ चावल्याचं रक्त पुसत, आणि त्याने तिला जवळ बोलावून विचारलं होतं, मला काय झालं गं, तू पाहिलंस ना? मोठ्यांपैकी कोणाला विचारावं असं त्याला वाटलं नाही. मथूने त्याला सांगितलं होतं, काही नाही, आमटी सांडली. त्यानंतर दोन पावसाळ्यांनी तो मासुंद्याच्या तळ्यात पाय धुवायला म्हणून उतरला तो वर आलाच नाही. आता त्या ओसरीवर कांद्याच्या वासात आडवी पडून मथूला वाटत होतं की मामालाही पडताना हर्षच झाला असेल का? त्यालाही एकट्याला काही सापडलं असेल का? आणि मग तिला त्याचं तोंड आठवलं, उघडं राहिलेलं, काहीतरी सांगायच्या बेतात.

पण मग अण्णा. अण्णांचा हात भिंतीवर होता. तो तिने पाहिला होता, सुरकुत्या पडलेली बोटं पसरून टेकलेला. ती उठून बसली आणि म्हणाली, अण्णांना विचारा, अण्णा होते वर. आणि तेवढ्यात अण्णा जिना उतरून आले, नेहमीसारखे, पंचा सारखा करत. ओसरीच्या पलीकडच्या अंगाला शेणाने सारवलेल्या जमिनीवर पोरं बसली होती, तिथे गेले, आचमन केलं, आणि पाठ सुरू झाला. अण्णांनी म्हणायचं, पोरांनी दोनदा घोकायचं, मान वर, मान खाली. रोजच्यासारखाच. आत्याने फक्त तिकडे बोट केलं. तेवढं पुरे होतं. कारण कल्याणातलं शेंबडं पोरही जाणत होतं की पाठ कधी बंद ठेवायचा याबाबतीत अण्णांइतका कडक माणूस पंचक्रोशीत नाही. प्रतिपदा, अष्टमी तर आहेच. पण भलत्या वेळी ढग गडगडला की अनध्याय, कोल्हा ओरडला की अनध्याय, गुरू आणि शिष्य यांच्या मधून मांजर गेलं की त्या दिवसापुरती पोथी बांधली. पोरं यासाठी खिशात मासळीचं डोकं घेऊन येतात असा आळ होता. आणि भूमी हलली तर दुसऱ्या दिवशी ती वेळ येईपर्यंत वेद तोंडातून काढायचा नाही, हे तर शास्त्रात अगदी पहिल्या चारांत. ज्यांनी गाढव ओरडलं म्हणून भर लग्नसराईत संथा थांबवली, ते अण्णा घर हलल्यावर घडाघडा म्हणत बसतील? म्हणजे हललं नाही. सरळ होतं. मथूलाही ते सरळच दिसत होतं, हीच पंचाईत. ती स्वतः आत्या असती तर तिनेही हेच म्हटलं असतं.

संध्याकाळी भाऊ आले. त्यांना दारातच बातमी मिळाली आणि ते चपला न काढता आत आले. आधी त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला, आणि तो हात इतका ऊन आणि ओळखीचा होता की तिला रडू आलं. तिने सगळं नीट सांगितलं, खांब, तांब्या, तुळई. खांब म्हटल्यावर हात निघाला. "कुठला खांब?" भाऊंनी विचारलं. तिने सांगितलं, खाडीकडचा. भाऊ तसेच वर गेले. खाली सगळ्यांना ऐकू येत होतं, ते खांब ठोकत होते, एकेक, लाकूड घेताना ठोकावा तसा.  खाली आले ते हसतच आले, पण त्यांच्या कपाळावर घाम होता. म्हणाले, मी स्टेशनात विचारलं असतं, पण तिथल्यांना काय विचारायचं, तिथली जमीन दर गाडीला हलते. मग म्हणाले, भूकंप असता तर कोपऱ्यावरच्या काळ्यांच्या ओट्याची मोडकी भिंत आधी पडली असती. खाली शेवई हलली नाही, वर खांब हलतो, असं कसं होईल? पायाच नाही हलला तर शेंडा कुठून हलेल? प्रश्न त्यांनी मथूलाच विचारला होता. आत्या देवघरातून म्हणाली की उद्या वैद्यांना बोलवा, आणि हे पुण्याचं तेवढं आता राहू दे. असल्या मुलीला परक्या गावी मुलींच्या शाळेत ठेवायची, आणि रस्त्यात पडली म्हणजे?

पुण्याचं म्हणजे काय ते घरात सगळ्यांना माहीत होतं. मथूची कल्याणातली इयत्ता संपली होती. पुण्याला मुलींची मोठी शाळा निघाली होती, इंग्रजीसुद्धा शिकवत होते, आणि भाऊंनी आत्याशी, जातीतल्या चार जणांशी आणि स्वतःशीही भांडून कबूल केलं होतं की अक्षय्य तृतीया झाली की तिला घेऊन जायचं. तिची ट्रंक आली होती. हिरवी, वर गुलाब काढलेला. नाही म्हटलं तर लग्न. वय उलटून चाललंच होतं. पण फेफऱ्याच्या मुलीला तेही नाही. फेफऱ्याच्या मुलीला काय असतं ते मथूला माहीत नव्हतं. मामाला कोपरा होता.  एरवी भाऊ पुण्याचा विषय निघाला की भांडायला उभे राहत. आज खाली बघत म्हणाले, "बघू." आणि मथूला लख्ख दिसलं की भाऊंच्या समोर दोन ताटं वाढलेली आहेत. एकात घर, एकात ती. घर हलत असेल तर मुलगी धड आहे, मुलगी बिघडली असेल तर घर धड आहे. आणि भाऊंचा तिच्यावर फार जीव होता, पण घर त्यांनी स्वतः निवडून, ठोकून बांधलं होतं.

मग तिने स्वतःची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. डोळे मिटून एका पायावर उभी राहिली, पडली नाही. तुळशीभोवती भराभर फेऱ्या घातल्या. घेरी आली, पण ती कोणालाही येईल. डोंबिवलीहून एकदा पडावातून आले होते, वाटेत खाडी खवळली होती, तेव्हा घरी आल्यावर अख्खा दिवस पलंग तिच्याखाली वर-खाली होत होता, पाण्याचा थेंब नसताना. म्हणजे अंगाला खोटं आठवता येतं. मग दुपारचं ते आठवणं होतं का? पण कशाची आठवण? ती पुन्हा पुन्हा त्या खांबाशी मनाने जाऊन टेके आणि खांब जाई, आणि दर वेळी तो थोडा वेगळा जाई. आता तो डावीकडे जात होता. आता तिला वाटे की खांब गेलाच नव्हता, तीच गेली होती आणि खांब तिथेच होता. तांब्यातलं पाणी? तिने स्वतः पाय लावला असेल. तुळई उन्हाने वाजली असेल, साग वाजतोच. अण्णांचा हात? म्हातारं माणूस भिंतीला हात लावतं. दिवेलागणीपर्यंत तिच्याकडे काहीच उरलं नाही. दुपारी एवढी पृथ्वी सापडली होती आणि संध्याकाळी तिला ओंजळीत बघावं तर ओंजळ रिकामी, आणि कोणी हिसकावूनही घेतली नव्हती. सगळ्यांनी फक्त शांतपणे विचारलं होतं.

सकाळी ती तांबडं फुटताना विहिरीवर गेली तर अण्णा तिथे होते. आंघोळ झालेली, ओलेत्याने उभे, अंगावरून पाणी ठिबकत. सोवळ्यात होते म्हणून ती दूर, केळीपाशी थांबली. अण्णा तिच्याशी बोलत ते फारसं नाही. मुलीने शाळेत जाणं त्यांना पसंत नव्हतं, आणि पृथ्वी फिरते हे त्यांना अजिबात पसंत नव्हतं. आज ते म्हणाले, "मथे, थांब जरा."  रहाटाच्या दोरीला पीळ देत राहिले. शेवटी तिच्याकडे न बघता विचारलं, "कालचं ते. तुला पायांत जाणवलं की डोक्यात?"

 इतका वेळ कोणी मथूला हे विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "पोटात."

अण्णांना हसू आल्यासारखं वाटलं, पण ते हसू नव्हतं. ते सांगू लागले, आणि जसं सांगत गेले तसा त्यांचा आवाज पाठाच्या वेळचा खणखणीत आवाज राहिला नाही. माघापासून त्यांना घेरी येत होती. एकदा संध्येला बसले असताना पळी हातातून गेली. एकदा देवळाच्या पायरीवर. कोणाला बोलले नव्हते. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही त्याच्याकडे कोण पोरं पाठवील, आणि पोरं आली नाहीत तर मग ते कोण? काल दुपारी भिंत हाताखालून गेली तेव्हा त्यांना वाटलं, आली. या खेपेला मोठी आली. मग ती म्हणाली फिरतंय, आणि त्यांना वाटलं की आपल्या चेहऱ्यावरचं पोरीने वाचलं. म्हणून तिला खाली घालवलं. "डोकं फिरलं तर अनध्याय नसतो," अण्णा म्हणाले. "म्हणून पाठ घेतला. मग घर हललं म्हणतेस, ते खाली ऐकलं. पाठ अर्ध्यात होता."  मथूच्या हळूहळू ध्यानात आलं की हा माणूस रात्रभर झोपलेला नाही. भूमी हलली असेल तर त्यांनी अनध्यायात वेद म्हटला, आणि पोरांकडून म्हणवला, आणि ते पाप त्यांच्या हिशेबी लहान नव्हतं. हलली नसेल तर त्यांचं काही खरं नव्हतं. दोन्हींतलं त्यांना कुठलं हवं आहे ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं. त्यांना फक्त कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि त्यांनी मोठ्यांपैकी कोणाला विचारलं नाही.

"आठवून सांग हो," अण्णा म्हणाले. "पायांत की डोक्यात?"

मथूने आठवून पाहिलं. खरोखर पाहिलं. खांब कुठेच गेला नाही. आतमध्ये सगळं सारवल्यासारखं गुळगुळीत झालं होतं, काल काही घडलं होतं याची एक रेघ नाही. तिला म्हणावंसं वाटलं, अण्णा, मला आता ठाऊक नाही, तुम्हीच सांगा. पण अण्णा ओलेत्याने कापत होते, ऊन अजून यायचं होतं, आणि तिची ट्रंक माजघरात रिकामी होती. "पायांत," ती म्हणाली. आणि म्हणताक्षणी तिला ते खरं वाटलं, आणि दुसऱ्या क्षणी वाटेना.

अण्णांनी मान हलवली. कोरडा पंचा घेतला आणि ओसरीकडे गेले. पोरं येऊन बसली होती. काय झालं ते मथूने केळीआडूनच ऐकलं. पोरांची दाबलेली, आनंदाची एक किंकाळी, मग दहा-बारा जोडी अनवाणी पाय अंगणातून सुसाट, दिंडीदरवाजा, गल्ली. आणि मग शांतता. सकाळच्या वेळी त्या घरात अशी शांतता कधी नसे. गायसुद्धा वळून बघू लागली. आत्या हातातली रांगोळी तशीच घेऊन बाहेर आली. म्हणाली, आता यांचंही फिरलं वाटतं. भाऊ तोंडात राखुंडी घेऊन परसातून आले, काळ्या तोंडाने, आणि आवाज फुटत नव्हता म्हणून हातानेच विचारलं, काय?

"अनध्याय," अण्णा म्हणाले. भाऊ हलले नाहीत, तेव्हा अण्णांनी पुढचं सांगितलं, गल्लीतल्या माणसांनाही ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात. "भूमिचलनाचा. कालपासून. मला कळलं नाही, मी पाठ घेतला. प्रायश्चित्त माझं." आणि भिंतीकडे तोंड करून बसले, जप धरला. काल त्यांनी काय समजून पाठ घेतला होता, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

भाऊ चूळ भरायला गेले आणि किती तरी वेळ चूळच भरत राहिले. तांब्या संपला, दुसरा घेतला. मग तोंड न पुसताच अंगणाच्या मधोमध येऊन उभे राहिले आणि वर बघू लागले. तिसऱ्या मजल्यावर आता कोवळं ऊन आलं होतं, शेजाऱ्यांची कौलं अजून सावलीत होती. पाहुण्यांना दाखवताना ते वर बघत तसं हे बघणं नव्हतं. खांबांवरून, तुळयांवरून, वळचणीवरून त्यांची नजर सावकाश गेली, मिरवणुकीत आपला हत्ती जरासा पाय ओढताना दिसावा तशी. मथू जवळ आली तरी त्यांनी खाली पाहिलं नाही.

"फार हललं?" त्यांनी विचारलं.

"हो," मथू म्हणाली.

"खाडीकडे?"

काल ती खाडीकडेच म्हणाली होती. आत्ता तिला विचारलं असतं तर तिने दुसरीकडे सांगितलं असतं. "हो," ती म्हणाली.

भाऊंनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. पुसताना ते बराच वेळ सोग्याआड राहिले. "मग तू जा पुण्याला," ते म्हणाले. "या घरात राहायचंय ते आम्हाला."

आता उडी मारायला हवी होती. आत्याला वेडावून दाखवायला हवं होतं, ट्रंकेचं झाकण दणकन उघडायला हवं होतं, आणि काल दुपारची मथू असती तर तिने हे तिन्ही एकदम केलं असतं. ही मथू अंगणातच उभी राहिली. भाऊ वर बघत होते, अण्णा भिंतीकडे तोंड करून बसले होते, आत्याच्या मुठीतून रांगोळी थोडी थोडी गळत होती. मथू अंगठे दाबून, टाचा दाबून जमिनीचा अदमास घेत होती. शेणाने सारवलेलं थंड, चांगलं ठणठणीत अंगण. ते आत्ता या घटकेला स्थिर आहे ना, एवढं कोणी विचारलं असतं तरी तिला शपथेवर सांगता आलं नसतं.